टीव्हीचा आवाज लिंबापर्यंत

आमच्या गावात टीव्ही आला तेव्हा त्याला चित्र होतं, आवाज नव्हता. म्हणजे आवाज होता, पण पहिल्या तीन रांगांपुरता. चौथ्या रांगेपासून सगळा मुका कारभार. गाव परभणी तालुक्यातलं, पेडगावपासून कोसभर आत. टीव्ही सरकारी, काळा-पांढरा, चावडीत लाकडी पेटीत ठेवलेला. पेटीला दोन फळ्या, फळ्यांना कुलूप आणि कुलपाची किल्ली कोतवालाच्या करदोट्याला. रविवारी सकाळी देवांची मालिका लागायची. त्या दिवशी कोतवाल अंघोळ करून, गंध लावून कुलूप काढायचा आणि बटण दाबायच्या आधी टीव्हीला उदबत्ती ओवाळायचा.

चावडी केवढी, तर चाळीस माणसं दाटीवाटीनं बसतील एवढी. येणार मात्र अख्खं गाव. त्यामुळं न सांगता एक शिस्त पडली होती. पुढं पोरं, त्यांच्या मागं बाप्ये, आणि बाया सगळ्यात मागं, चावडीच्या बाहेर, अंगणातल्या लिंबाखाली. गावकुसाबाहेरची माणसं लिंबाच्याही पलीकडं, रस्त्याच्या कडेला उभी राहायची. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती ती, आणि कुणी कुठं बसायचं हे कुणी बोलून दाखवत नव्हतं. मीही कधी बोललो नाही, त्याची आता लाज वाटते. लिंबाखालून उघड्या दारातून चित्र दिसायचं तळहाताएवढं. ऐकायला फक्त कावळे.

आता माझं सांगतो. तेव्हा मी पंचवीस-सव्वीसचा, दोन लेकरांचा बाप. घरची शेती होतीच, पण माझा जीव माईक लावायच्या धंद्यात. एक मशीन, दोन भोंगे, एक माईक, ट्रकची जुनी बॅटरी, तबकड्या वाजवायची पेटी आणि हे सगळं वाहून नेणारी सायकल. मशीन म्हणजे अँप्लिफायर. पण तो शब्द परभणीच्या दुकानातला, गावात सगळे मशीनच म्हणायचे. लग्न असो, सप्ताह असो, प्रचार असो, माझा भोंगा जायचा. त्या दिवसांत सभेला भोंगा लावला की पोलीस पाटील आधी येऊन बसायचे, म्हणून त्यांच्याशीही माझी बरी ओळख. पंचक्रोशीत माझ्या भोंग्याशिवाय वरात निघत नाही असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. आवाजातलं आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. बायकोची तशी समजूत नव्हती.

आणि लिंबाखाली होती माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत कपाळ पुसलं गेलं आणि ती माहेरी आली, ती कायमचीच. आमच्या घरात तिला कुणी वाईट वागवलं नाही. पण कुणी तिला काही विचारलंही नाही. बैल घ्यायचा असो, कुणाचं लग्न ठरवायचं असो, आत्या चुलीपुढं बसून ऐकायची आणि भाकरी थापायची. हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसायचं. देवळात श्रावणात पोथी लागायची, ती वाचायचे बाप्ये. आत्याला पोथी त्यांच्यापेक्षा चांगली यायची, पण ती खांबाआड बसून नुसते ओठ हलवायची.

रविवारी सकाळचा पाऊण तास मात्र तिचा. टीव्हीत काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं ना, मग आत्या बोलायची. राजा, राणी, ऋषी, सगळ्यांची वाक्यं ती एकटी, आपल्या बोलीत, चित्र बघून जागच्या जागी तयार करायची. पडद्यावर राजा कपाळाला हात लावून बसला की इकडं आत्या म्हणायची, "राजा म्हणतो, आगं ऊठ की, दोन घास खाऊन घी. राणी म्हणती, तुमचे घास ऱ्हाऊ द्या, माझ्या लेकाचं काय ते सांगा आधी." ऋषीनं बोट वर केलं की, "ऋषी म्हणतो, म्या सकाळधरून उपाशी हाय, आन् तुमी मला ग्यान इचारायलेत." बाया पदरात तोंड घालून हसायच्या. दुःखाचा प्रसंग आला की त्याच बाया त्याच पदराला डोळे पुसायच्या. आत्याच्या जवळ जागा मिळावी म्हणून कितीतरी जणी भाकऱ्या लवकर उरकून यायच्या. आठवडाभर जिचं कुणी ऐकत नव्हतं तिचं तेवढा वेळ पन्नास-साठ बाया कान देऊन ऐकायच्या. हे मी दर रविवारी बघत होतो आणि तरी मला दिसलं नव्हतं.

झालं असं की मागच्या रांगांतल्या बाप्यांनी तक्रार केली. चावडीत पुढची खुर्ची आबांची. आबा आमच्या भावकीतले नव्हेत, पण गावात सगळ्यात वडीलधारे, देवळातली पोथी वाचणारेही तेच. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तू एवढा भोंगेवाला म्हणवतोस, मग ह्या डब्याला लाव की भोंगा." मला तेवढंच पाहिजे होतं. मनात असंही आलं की आता आत्यालाही नीट ऐकू येईल, बिचारी अंदाजानं बोलत असते.

पहिल्या रविवारी मी चावडीच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, भोंगा बांधला आणि टीव्हीच्या तोंडापुढं माईक उभा केला. माणूस बोलतो तसा टीव्ही बोलतो, मग त्याच्यापुढं माईक ठेवायचा, यात काय अवघड आहे, असा माझा हिशेब. आधी भोंग्यानं अशी शिट्टी मारली की कुत्री गाव सोडून पळाली. बटण खाली आणलं तर शिट्टी गेली, पण माईकनं टीव्हीचं जेवढं ऐकलं त्याच्या दुप्पट चावडीचं ऐकलं. खोकला, जांभया, "जरा चुना दी रं," सगळं देवांच्या बोलण्यात मिसळून गावभर. त्यातच दुसऱ्या रांगेतले एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "सून लय आळशी हाय आमची, दुपार होती तरी भाकरी व्हत न्हाई." सून लिंबाखाली बसली होती. त्या घरात त्या दिवशी भाकरी खरोखरच झाली नाही.

दुसऱ्या रविवारी मी शहाणपणाचा कळस केला. म्हटलं, आवाज हवेतून पकडायचाच कशाला, तारेतूनच घेऊ. कोतवालाला चहा पाजून टीव्हीचं मागचं झाकण उघडलं, त्याच्या स्पीकरच्या दोन्ही तारांना माझ्या तारा गुंडाळल्या आणि दुसरं टोक मशीनच्या माईकच्या भोकात घातलं. आवाज आला, मोठा आला, पण असा फाटलेला आणि खरखरीत की राजा कोण आणि हत्ती कोण ते कळेना. लिंबाखालून एका म्हातारीनं विचारलं, "देवाला पडसं झालंय का रं?" शिवाय मशीनच्या पत्र्याला हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं मी टीव्हीलाच नावं ठेवली. सरकारी माल असाच असतो म्हणालो. आबा म्हणाले, "मागल्या आठवड्यात चुना तरी नीट ऐकू येत व्हता."

ही थट्टा मला झोंबली. सोमवारी मशीन सायकलला बांधून मी परभणी गाठली. तिथं रेडिओ दुरुस्त करणारे एक वयस्क कारागीर होते, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. मी काय काय केलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "स्पीकर के तारां माईक के छेद में डाला? और जिंदा है तू?"

मग दखनीत अर्धं आणि मराठीत अर्धं असं त्यांनी समजावून सांगितलं. माईकमधून येणारा आवाज असतो कणभर. माईकच्या भोकात गेलं की मशीन त्याला खूप फुगवतं. मी तिथं टीव्हीचा आधीच फुगलेला आवाज घातला, तो फाटणारच. आणि कित्येक टीव्हींच्या आतल्या पत्र्यातच वीज उतरलेली असते, तिथून उघड्या तारा ओढल्या तर एखाद दिवशी माझीच वरात निघायची. टीव्हीच्या बाजूला एक बारीक भोक असतं, एकट्यानं ऐकायचं असेल तर कानातलं बोंडूक लावायला. तिथून आवाज घेतला तर तो स्वच्छ मिळतो आणि जिवाला धोका नाही. तो न्यायचा मशीनच्या मागं, तबकडीच्या पेटीसाठी जे भोक असतं त्यात. उस्तादांनी मला तशी तार तिथंच करून दिली.

मी कपाळावर हात मारला. ते मागचं भोक माझ्या रोजच्या वापरातलं. लग्नात सगळी गाणी मी त्यातूनच वाजवत होतो. मग टीव्ही तिथं लावायचं का सुचलं नाही? कारण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की गाणं असेल तर मागचं भोक, बोलणं असेल तर माईकचं. टीव्हीत माणसं बोलतात, म्हणून टीव्ही माईकच्या भोकात. एवढंच. उस्ताद म्हणाले, "मशीन को क्या मालूम कौन गाता, कौन बोलता." पुढं कितीतरी वर्षं मी हे वाक्य माझंच म्हणून लोकांना ऐकवलं.

तिसऱ्या रविवारी बोंडकाच्या भोकात तार घातली तेव्हा टीव्हीचा स्वतःचा आवाज गपकन बंद झाला. कोतवालाचं तोंड उतरलं. मग मी मशीनचं बटण हळूहळू फिरवलं आणि धाब्यावरून राजाचा आवाज आला. खणखणीत, खरखर नाही, शिट्टी नाही. देवळापर्यंत, आडापर्यंत, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांपर्यंत शब्द न् शब्द. आबांनी मागं वळून माझ्याकडं बघून मान डोलावली. मला स्वर्ग दोन बोटं उरला. मी ऐटीत बाहेर आलो, लिंबाखालच्या बायांची तोंडं बघायला.

बाया गप बसल्या होत्या. हसत नव्हत्या, रडत नव्हत्या. आत्यानं एकदा सवयीनं तोंड उघडलं, "राजा म्हणतो..." आणि भोंग्यानं पुढचं सगळं गिळून टाकलं. तिनं थांबून पुन्हा एकदा प्रयत्न केला. शेजारची बाई कानाला हात लावून पुढं वाकली, पण तिलाही ऐकू गेलं नाही. मग आत्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि कार्यक्रम संपेपर्यंत ती तशीच दाराकडं बघत राहिली.

घरी आल्यावर मी विचारलं, "कसं काय वाटलं, आत्या?"

"चांगलं ऐकू येतंय की," ती म्हणाली. "आता माझं काय काम तिथं?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. पुढच्या रविवारी ती लिंबाखाली आलीच नाही. घरी बघतो तर ओसरीवर सूप घेऊन बसलेली. म्हणाली, तुरी निवडायच्या हायेत. तुरी आदल्याच दिवशी निवडून डब्यात भरल्या होत्या. तिनं त्या परत सुपात ओतल्या होत्या. मला स्वतःचा एवढा राग आला की मी मशीन उचलून आडात टाकावं म्हटलं. बायको म्हणाली, "मशीनीनं काय केलंय? तुमी केलंय." ती नेहमी असं नेमकं बोलते.

इकडं लिंबाखालीही माझ्या भोंग्याचं कौतुक संपलं होतं. शेजारच्या काकूंनी मला वाटेत गाठलं. "तुझा भोंगा लय भारी हाय, बाबा. पर त्येंची हिंदी काय कळंना गेलीय. नुसतं हे श्री अन् ते श्री करायलेत. एक तर त्या डब्याचं तोंड बंद कर, न्हाई तर आत्याला घिऊन ये."

मग माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडं दखनी सगळ्यांना कळायची, पण टीव्हीतले देव बोलायचे ती हिंदी पोथीतल्या शब्दांनी भरलेली. आत्या तीन वर्षं सासरी होती तिथं सासरा निजामाच्या काळातला पटवारी, घरात दखनीच जास्त. वरून जन्मभर पोथ्या. ती हिंदी नीट कळेल असं माणूस गावात असेल तर तेच, आणि ते घरात निवडलेल्या तुरी निवडत बसलं होतं.

त्या संध्याकाळी मी मशीन पुढ्यात घेऊन बसलो. मागच्या भोकात टीव्हीची तार. पुढचं माईकचं भोक रिकामं, आणि त्याचं बटण वेगळं. लग्नात गाणं वाजत असताना मी बटण जरा खाली घेऊन माईकवर सांगतोच की, नवरीचे मामा असतील तिथून मांडवात या. गाणंही चालू, सांगणंही चालू. धंदाच तो माझा. मग टीव्हीचं बटण जरा खाली आणि माईकचं वर, एवढंच तर करायचं होतं.

करणं सोपं, विचारणं अवघड. आमच्या गावात भोंग्यातून बाईचा आवाज आला असेल तर तो तबकडीवरचा. जित्याजागत्या बाईनं माईक हातात धरलेला कुणी पाहिला नव्हता, आणि विधवेनं तर नाहीच. मी देवळाच्या पायरीवर आबांकडं विषय काढून पाहिला. ते म्हणाले, "असलं न्हाई बरं का आपल्यात." वडिलांना सांगितलं तर त्यांनी मान खाली घातली. "आबा बोलले न्हवं, मग संपलं." राहिली आत्या. तिला सांगितलं तशी तिनं सूप खाली ठेवलं.

"भोंग्यात बाईमाणूस बोलत अस्तंय व्हय? गाव हसंल."

"हसू दे की."

"तुला काय जातंय हसू दे म्हणायला? एकदा गाव हसलं की मला लिंबाखाली बसायचं बी तोंड ऱ्हाणार न्हाई."

हे मात्र खरं होतं. बेत फसला तर माझी फार तर थट्टा झाली असती, तिला मात्र ओसरीवरून उठता आलं नसतं. म्हणून मी तिला भरीस पाडलं नाही. नुसतं सांगितलं की माईक लिंबाखाली ठेवतो, बोलायचं की नाही ते तू ठरव.

रविवारी पहाटेच उठून भोंगा धाब्यावरून उतरवला आणि लिंबाच्या फांदीवर बांधला, तोंड चावडीकडं. माईक भोंग्याच्या पुढं आला की शिट्टी मारतो, मागं राहिला तर मारत नाही. म्हणून माईकची लांब तार ओढून तो झाडाच्या मागच्या अंगाला, बुंध्यापाशी ठेवला. आबांनी येताना तो पाहिला आणि माझ्याकडंही पाहिलं, आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. पोलीस पाटील मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बघू काय व्हतंय ते."

आत्या आली, पण सगळ्यांत उशिरा. बायांनी तिला वाट करून दिली. ती बुंध्याशी बसली आणि माईककडं पाठ केली. मी दारात मशीनपाशी उभा. कार्यक्रम सुरू झाला, राजा आला, दरबार भरला, म्हातारा ऋषी बोलायला लागला. लिंबाखाली सगळ्या बाया टीव्हीकडं न बघता आत्याकडं बघायल्या होत्या. शेवटी शेजारच्या काकूंनी माईक उचलून तिच्या हातात दिला. चुलीपुढं फुंकणी द्यावी इतक्या सहज.

आत्यानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. माईक हनुवटीपाशी धरला आणि एकट्या काकूंशी बोलावं तशी म्हणाली, "ऋषी म्हणतो, राजा, तुझं दुःख मला ठाव हाय. पर दुःखाला धरून बसलास तर राज्यातल्या लोकांनी कुणाकडं बघावं?"

आवाज फांदीवरून चावडीत गेला. तो एवढा मोठा झालेला ऐकून ती स्वतःच दचकली आणि थांबली. चावडीतली सगळी डोकी एकदम मागं वळली. वडिलांनी नजर जमिनीला लावली. पोरं खुदकन हसली आणि मला वाटलं, गेलं, आता हे हसू बाप्यांपर्यंत पोचणार. टीव्हीतला ऋषी बोलतच होता, लांबलचक, आणि त्याच्या आवाजाखाली आत्यानं भीत भीत पुढचं वाक्य सुरू केलं.

आबा खुर्चीतून उठले. दाराशी माझ्याजवळ आले. मी पडतील त्या शिव्या खायची तयारी ठेवली होती.

"टीव्ही बारीक कर की रं," ते म्हणाले. "बाई काय सांगायलीय ते नीट ऐकू येईना."

मी टीव्हीचं बटण खाली आणलं. आबांनी खुर्ची उचलली, दाराकडं तोंड करून ठेवली आणि लिंबाकडं बघत बसले. आत्यानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, पदर सारखा केला आणि पुढचं वाक्य जरा मोठ्यानं बोलली.